इस्माईल म्हणजे ‘अल्लाह ऐकतो’: पैगंबरांच्या नावांमागची हिब्रू मुळे

घरात बाळ आले की अकीक्याच्या आधी पहिली धावपळ नावाची असते. दादी म्हणते, पैगंबरांचे नाव ठेवा. मामू मोबाईलवर नावांची यादी उघडून बसतात. आणि कुणीतरी विचारतेच, "बरं, पण अर्थ काय त्याचा?" यादीत यूसुफ म्हणजे ‘देखणा’, इब्राहीम म्हणजे ‘दयाळू’, यूनुस म्हणजे ‘सोबती’ असे काहीबाही लिहिलेले असते. आपण तेच मुलांना सांगतो आणि मुले ते आयुष्यभर खरे मानून चालतात.

नावाच्या अर्थाला आपल्या दीनमध्ये महत्त्व आहे. आसिया या वेगळ्या नावाशी गल्लत न करता लक्षात घ्या, ‘आसिया’सारखेच ऐकू येणारे, पण ‘अवज्ञा करणारी’ असा अर्थ असलेले एका मुलीचे नाव पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बदलून ‘जमीला’ ठेवले होते, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणजे नाव नुसते कानाला गोड लागून भागत नाही. मग ज्या नावांना आपण सर्वात जास्त मान देतो, त्या पैगंबरांच्या नावांचा अर्थ तरी आपल्याला नीट माहीत असायला हवा.

ही नावे अरबी नाहीत, मग आहेत तरी कुठली?

इब्राहीम, इस्माईल, इसहाक, याकूब, यूसुफ ही नावे कुरआनात आहेत, पण मुळात ती अरबी शब्द नाहीत. हे काही आजच्या संशोधकांनी काढलेले नवे खूळ नव्हे. मदरशात नह्व शिकणाऱ्या मुलांना ठाऊक असते की या नावांना तन्वीन लागत नाही, कारण ती ‘अजमी’ म्हणजे अरबीबाहेरून आलेली आहेत. मुहम्मद, सालेह या अरबी नावांना मात्र तन्वीन लागते. बाराव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेले भाषापंडित अल-जवालीकी यांनी तर अरबीत आलेल्या परक्या शब्दांचा अख्खा कोश केला आणि बहुतेक पैगंबरांची नावे त्यात मोडतात असे नोंदवले.

त्यामुळे या नावांचा अर्थ अरबी डिक्शनरीत शोधायला गेलो की गडबड होते. ती बहुतांशी हिब्रू आहेत. उर्दूत जिला आपण इब्रानी म्हणतो, ती ही भाषा. बनी इस्राईलची जुनी भाषा हीच, आणि यहुदी लोकांचे धर्मग्रंथ, म्हणजेच बायबलचा पहिला मोठा भाग, जवळजवळ सगळा याच भाषेत आहे.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. बायबलातला प्रत्येक तपशील आपल्या अकीद्याशी जुळतो असे नाही. पण एखाद्या शब्दाचा मूळ अर्थ काय, हा भाषेचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या भाषेकडेच मागावे लागते.

हिब्रू आणि अरबी: एकाच घरातल्या दोन बहिणी

मराठी आणि कोकणी जशा जवळच्या, तशाच हिब्रू, अरबी आणि आरामी या सामी कुळातल्या भाषा. तिन्हींत शब्दाचा पाया सहसा तीन व्यंजनांचा असतो. हिब्रूतला ‘शालोम’ म्हणजे अरबीतला ‘सलाम’. हिब्रू ‘शेम’ म्हणजे अरबी ‘इस्म’, जो आपण ‘बिस्मिल्लाह’मध्ये रोज उच्चारतो. हिब्रू ‘बेत’ म्हणजे ‘बैत’, घर. हिब्रू ‘येलेद’ म्हणजे मूल, अरबीत ‘वलद’. आपला ‘वालिद’ त्याच मुळाचा. इस्राईलमधली मुले आजही बापाला ‘अब्बा’ म्हणतात, आणि आपल्याकडेही कित्येक घरांत तेच म्हणतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हिब्रू नाव हे पुष्कळदा नुसता शब्द नसून एक छोटे वाक्य असते. त्यात कर्ता असतो आणि क्रियापद असते. नावात ‘एल’ किंवा ‘ईल’ आले की समजावे, तिथे ‘ईश्वर’ हा शब्द आहे. अरबी ‘इलाह’च्या नात्यातलाच हा शब्द. सहीह बुखारीत इक्रिमा यांचे म्हणणे नोंदलेले आहे की ‘ईल’ म्हणजे अल्लाह. जिब्रील, मीकाईल, इस्माईल, इस्राईल या सगळ्यांच्या शेवटी तोच ‘ईल’ आहे.

आदम आणि हव्वा: माती आणि हयात

हिब्रूत ‘अदामा’ म्हणजे जमीन, माती. आदम (अ.) मातीपासून घडवले गेले, म्हणून नाव आदम, हा संबंध बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्याच पुस्तकात स्पष्ट दिसतो. आपल्या जुन्या मुफस्सिरांनीही हेच नाते अरबीतून दाखवले आहे: ‘अदीमुल अर्ज’ म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग. आपण बोलताना ‘आदमी’ म्हणतो, तो शब्दही याच नावावरून आलेला.

हव्वा या नावात ‘जगणे’ आहे. ‘उत्पत्ती’मध्ये (३:२०) हे नाव सर्व सजीवांची आई या अर्थाने आले आहे. अरबीत त्याच नात्यातले शब्द म्हणजे ‘हय्य’ आणि ‘हयात’. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या सरकारी कागदावरचा ‘हयात’ आणि आपल्या सर्वांच्या आईचे नाव, या दोन्हींचे मूळ एकाच कुटुंबातले आहे.

हाजरा आणि इस्माईल: ऐकणारा आणि पाहणारा

या सगळ्या नावांत आपल्या सर्वात जवळचे नाव इस्माईल (अ.) यांचे. हिब्रूत ते ‘यिश्माएल’ आहे. ‘यिश्मा’ म्हणजे ऐकतो किंवा ऐकेल, आणि ‘एल’ म्हणजे ईश्वर. अरबीतला ‘समी’ याच मुळाचा. हिब्रूतला ‘श’ अरबीत अनेकदा ‘स’ होतो, शालोमचा सलाम होतो तसा.

हे नाव कधी मिळाले ते पाहण्यासारखे आहे. ‘उत्पत्ती’च्या सोळाव्या अध्यायात हाजरा गरोदर आहे, एकटी आहे, वाळवंटात एका झऱ्यापाशी बसली आहे. फरिश्ता येऊन तिला सांगतो की मुलगा होईल, त्याचे नाव यिश्माएल ठेव, कारण तुझे दुःख ऐकले गेले आहे. म्हणजे हे नाव कोणा राजाच्या विजयावरून आलेले नाही. एका बेसहारा बाईची हाक ऐकली गेली, त्याची ही पावती आहे.

पुढे त्याच अध्यायात हाजरा तिच्याशी बोलणाऱ्या ईश्वराला ‘एल रोई’ म्हणते, म्हणजे ‘मला पाहणारा ईश्वर’. यातला ‘पाहणे’ हा धातू आपण दरवर्षी रमजानच्या आधी ऐकतो. चंद्रदर्शनाची ‘रूयत-ए-हिलाल’ कमिटी असते ना, त्यातला ‘रूयत’ हाच. त्या ठिकाणच्या विहिरीचे नाव ‘बएर लहाय रोई’ पडले. ‘बएर’ म्हणजे अरबी ‘बिअर’, विहीर. ‘हाय’ म्हणजे ‘हय्य’, जिवंत. ‘रोई’ म्हणजे पाहणारा. तिन्ही शब्द अरबी जाणणाऱ्याला न सांगता कळतील. जमजमचा प्रसंग वेगळा आणि तो आपल्या परंपरेत मक्केचा आहे. पण वाळवंट, आई, बाळ आणि पाणी हे चित्र दोन्हीकडे आहे.

कुरआनात इस्माईल (अ.) यांच्यासोबत ‘समी’ हा शब्द दोनदा ठळकपणे येतो. सूरह इब्राहीममध्ये (१४:३९) इब्राहीम (अ.) म्हातारपणी इस्माईल आणि इसहाक मिळाल्याबद्दल शुक्र करतात आणि आपला रब दुआ ऐकणारा आहे असे म्हणतात. सूरह बकरामध्ये (२:१२७) बाप-लेक काबागृहाचा पाया उभारताना दुआ करतात, तिथेही अल्लाहचे ‘समी’ हेच नाव घेतले आहे. मुलाच्या नावाचा अर्थ आणि बापाची दुआ एकाच शब्दात येऊन मिळतात.

इसहाक आणि याकूब: हसू आणि टाच

इब्राहीम (अ.) यांच्या नावाचा ‘उत्पत्ती’त (१७:५) दिलेला अर्थ ‘अनेक कौमांचा पिता’ असा आहे. सुरुवातीचा ‘अब’ तोच, आपला ‘अब्बा’वाला. कुरआननेही (२२:७८) त्यांना ईमानवाल्यांचा पिता म्हटले आहे. सारा म्हणजे राजघराण्यातली स्त्री, सरदारीण.

इसहाक (अ.) यांचे हिब्रू नाव ‘यित्सहाक’, म्हणजे ‘तो हसतो’. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून आई-बाप हसले, असा प्रसंग आहे. आता सूरह हूद (११:७१) उघडा. फरिश्ते आलेले आहेत, इब्राहीम (अ.) यांची पत्नी उभी आहे, ती हसते, मग तिला इसहाकची आणि इसहाकच्या मागून याकूबची खुशखबर मिळते. हिब्रू जाणणाऱ्याला या एका आयतीत दोन्ही नावांचा अर्थ ऐकू येतो: ‘हसली’मध्ये इसहाक, ‘मागून’मध्ये याकूब.

कारण याकूब (अ.) यांचे हिब्रू नाव ‘याकोव’ हे ‘आकेव’ म्हणजे ‘टाच’ या शब्दाशी जोडलेले आहे. जुळ्या भावाच्या पाठोपाठ, त्याची टाच धरून जन्मलेले, असे ‘उत्पत्ती’त (२५:२६) सांगितले आहे. अरबीत ‘अकिब’ म्हणजे टाच. त्याच मुळापासून ‘आकिबत’ शब्द आला, जो सगळ्याच्या मागून येतो तो परिणाम. "आकिबत सुधरो" ही आपल्या घरातली दुआ आणि याकूब हे नाव एकाच धातूचे आहेत.

याकूब (अ.) यांचे दुसरे नाव इस्राईल. कुरआनात (३:९३) ते या नावाने आले आहेत. बायबलमध्ये त्याचा अर्थ ‘ईश्वराशी झुंजणारा’ असा दिला आहे, त्यामागची कुस्तीची कथा मात्र कुरआनात नाही.

यूसुफ आणि बिन्यामीन: आईची इच्छा

यूसुफ म्हणजे ‘देखणा’ नव्हे. देखणेपणा हा यूसुफ (अ.) यांचा गुण, नावाचा अर्थ नव्हे. हिब्रू ‘योसेफ’ म्हणजे ‘तो वाढवो’, ‘आणखी देवो’. फार वर्षे मूल नसलेल्या राहेलला मुलगा झाला तेव्हा तिने इच्छा केली की मला आणखी एक मुलगा मिळो, म्हणून हे नाव (उत्पत्ती ३०:२४).

ती इच्छा पूर्ण झाली, पण दुसऱ्या बाळंतपणात राहेलचा जीव गेला. बायबलमध्ये आहे की जाता जाता तिने बाळाला ‘बेन-ओनी’, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा मुलगा’ असे नाव दिले. बापाने ते बदलून ‘बिन्यामीन’ केले, म्हणजे ‘उजव्या हाताचा मुलगा’ (३५:१८). ‘बेन’ म्हणजे अरबी ‘इब्न’. ‘यामीन’ म्हणजे अरबी ‘यमीन’, उजवी बाजू, जी सूरह वाकिआतल्या ‘असहाबुल यमीन’मध्ये आहे. आई गेल्याचे ओझे लेकराच्या नावावर जन्मभर राहू नये, असे त्या बापाला वाटले असेल तर नवल नाही. कुरआनात या धाकट्या भावाचे नाव घेतलेले नाही. ते आपल्याकडे तफसीरमधून आले.

मूसा, दाऊद, सुलेमान, यूनुस

मूसा (अ.) यांच्या हिब्रू ‘मोशे’ या नावाचा अर्थ बायबल ‘पाण्यातून बाहेर काढलेला’ असा जोडते. पण नाव ठेवणारी फिरऔनच्या घरातली होती, म्हणून अनेक अभ्यासक ते मिसरी मानतात. प्राचीन मिसरी भाषेत ‘मोस’ म्हणजे जन्मलेला, पुत्र. थुतमोस, रामसेस या बादशहांच्या नावांत तोच शब्द आहे.

दाऊद म्हणजे प्रिय, लाडका. सुलेमान हे ‘शालोम’वरून आलेले आहे, म्हणजे सलामतीचे, शांतीचे नाव. सुलेमान (अ.) यांचे बायबलमध्ये ‘यदीद्या’ असेही एक नाव आहे, ‘अल्लाहचा प्रिय’. त्यातला ‘यदीद’ हा अरबी ‘वदूद’चा नातलग. येलेद आणि वलदसारखाच इथेही हिब्रू ‘य’च्या जागी अरबीत ‘व’ आहे.

यूनुस हे नाव दिसायला ‘उन्स’ म्हणजे जिव्हाळा या अरबी शब्दासारखे आहे, म्हणून याद्यांमध्ये ‘सोबती’ छापतात. मूळ हिब्रू ‘योना’ म्हणजे कबूतर, पारवा.

सूरह मरयममधली नावे

सूरह मरयमच्या अगदी सुरुवातीला अल्लाहने आपला बंदा जकरिया यांच्यावर केलेल्या रहमतचा ‘जिक्र’ आहे. हिब्रूत ‘जखर्या’ म्हणजे ‘ईश्वराने आठवण ठेवली’. शेवटचा ‘या’ हे हिब्रूतल्या ईश्वराच्या नावाचे लहान रूप. ‘जखर’ आणि ‘जिक्र’ हा एकच धातू. मूल नसलेल्या म्हाताऱ्या बापाची आठवण ठेवली गेली, आणि ती आयत नेमकी ‘जिक्र’ शब्दानेच सुरू होते.

त्यांच्या मुलाचे नाव कुरआनात यह्या, तर हिब्रूत ‘योहानान’, म्हणजे ‘ईश्वराने कृपा केली’. याच नावाचे पुढे इंग्रजीत जॉन झाले. इथला धातू ‘हनान’ म्हणजे माया, कृपा. सूरह मरयममध्ये (१९:१३) यह्या (अ.) यांना अल्लाहकडून ‘हनान’ मिळाल्याचे म्हटले आहे. मरयम (अ.) यांच्या आईचे आपल्या परंपरेतले नाव हन्ना, तेही याच मुळाचे. लूकच्या इंजीलमध्ये नातेवाईक हरकत घेतात की तुमच्या खानदानात असे नाव कुणाचेच नाही. कुरआन (१९:७) सांगते की हे नाव याआधी कुणाला दिलेच नव्हते.

ईसा (अ.) यांचे मूळ नाव ‘येशुआ’, अर्थ नजात किंवा सुटका. अरब ख्रिस्ती त्यांना ‘यसू’ म्हणतात, आपल्या मराठी ख्रिस्ती बांधवांचा ‘येशू’ही तिथलाच. मरयम हे हिब्रू ‘मिर्याम’. मूसा आणि हारून यांच्या बहिणीचेही हेच नाव. त्याच्या अर्थावर भाषातज्ज्ञांचे एकमत नाही, त्यामुळे यादीतला कुठलाही एक अर्थ छातीठोकपणे सांगू नये.

"ही तर यहुद्यांची नावं!"

सारा, दानियाल, राहील अशी नावे ठेवली की कुणीतरी असे म्हणतेच. उत्तर आपल्या घरातच आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्वतःच्या मुलाचे नाव इब्राहीम ठेवले, आणि आपल्या पित्याच्या, इब्राहीम (अ.) यांच्या नावावरून ठेवले असे सांगितले. सहाबी अब्दुल्लाह बिन सलाम हे इस्लाम स्वीकारण्याआधी मदिनेतले यहुदी आलिम होते. त्यांच्या मुलाचे नाव पैगंबर (स.) यांनीच यूसुफ ठेवले. नजरानच्या लोकांनी मरयम (अ.) यांना ‘हारूनची बहीण’ का म्हटले असा प्रश्न काढला, तेव्हा पैगंबर (स.) यांनी खुलासा केला की ते लोक आपल्या आधीच्या पैगंबरांच्या आणि नेक माणसांच्या नावावरून नावे ठेवत असत. दानियाल म्हणजे ‘ईश्वर माझा न्याय करणारा’. त्यातला ‘दीन’ म्हणजे न्याय, जो सूरह फातिहात ‘यौमिद्दीन’मध्ये आपण रोज पढतो.

या नात्याची एक खूण मुंबईतही आहे. कोकणातले बेने इस्राईल, म्हणजे ज्यांना गावात शनिवार तेली म्हणत, ते मराठी बोलणारे यहुदी. ‘बेने’ म्हणजे आपले ‘बनी’. त्यांच्यात अब्राहामचे अबाजी झाले, मोशेचे मुसाजी, शमुएलचे सामाजी. सॅम्युएल इझिकेल उर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग उभारले. त्याचे नाव ‘शार हारहामीम’, म्हणजे रहमतचे दार. ‘रहामीम’ म्हणजेच आपली रहमत, आणि ‘सिलारहमी’तला ‘रहम’ही तोच. आख्यायिका अशी की दिवेकर टिपू सुलतानच्या कैदेत होते, आणि ते बनी इस्राईलपैकी आहेत हे कळल्यावर सुलतानच्या आईने त्यांना वाचवले. लोक त्या सिनेगॉगला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले, आणि मध्य रेल्वेच्या मशीद स्टेशनला त्यावरूनच नाव पडले असे सांगतात.

एका नजरेत

- आदम: अदामा, माती
- हव्वा: जीवन, हयात
- नूह: हिब्रू ‘नोआह’, आराम, विसावा
- इब्राहीम: अनेक कौमांचा पिता
- इस्माईल: अल्लाह ऐकतो
- इसहाक: तो हसतो
- याकूब: टाच धरून, मागून येणारा
- यूसुफ: आणखी देवो, वाढवो
- बिन्यामीन: उजव्या हाताचा मुलगा
- दाऊद: प्रिय
- सुलेमान: सलामती, शांती
- इलियास: हिब्रू ‘एलिया’, माझा ईश्वर तोच
- यूनुस: कबूतर
- जकरिया: ईश्वराने आठवण ठेवली
- यह्या (योहानान): ईश्वराने कृपा केली
- ईसा (येशुआ): नजात
- मीकाईल: ईश्वरासारखा कोण आहे?

नाव ठेवताना काय पाहावे

पहिले, नाव अरबी आहे की हिब्रू, हे विचारा. हिब्रू असेल तर अरबी शब्दाशी नुसता उच्चार जुळतो म्हणून अर्थ चिकटवू नका. दुसरे, गुण आणि अर्थ वेगळे ठेवा: अय्यूब (अ.) यांचा सब्र, सुलेमान (अ.) यांची बादशाही, यूसुफ (अ.) यांचे रूप हे सगळे खरे, पण तो नावाचा शब्दार्थ नव्हे. तिसरे, नाव कोणत्या प्रसंगात दिले गेले ते शोधा, कारण हिब्रू नावांत अर्थ बहुधा त्या प्रसंगातच असतो. आणि शंका असेल तर यादीवर न जाता जाणकार आलिमांना किंवा अरबीच्या शिक्षकांना विचारा.

ही नावे एकत्र वाचली की एक गोष्ट लक्षात येते. ऐकतो, आठवण ठेवतो, कृपा करतो, आणखी देतो: यातली कितीतरी नावे मुलाबद्दल नाहीतच, ती देणाऱ्याबद्दल आहेत. मूल नसलेल्या, एकट्या पडलेल्या, थकलेल्या आई-बापांनी दुआ केल्या आणि ज्याने त्या ऐकल्या, त्याची साक्ष त्यांनी लेकराच्या नावात ठेवली. तुमच्या घरात एखादा इस्माईल किंवा जकरिया असेल, तर आज रात्री जेवताना त्याला एवढे नक्की सांगा.